पाय घट्ट धरा

चहा जयमालाच्या उजव्या पायावर सांडला आणि ती हलली नाही. चूक चारुलताचीच होती. ट्रे पुढं करताना तिचं लक्ष मुलीच्या चेहऱ्याकडं होतं, कप बशीत कलंडला आणि वाफाळता चहा सरळ पावलावर, बोटांच्या वरच्या बाजूला पडला. तिचा मुलगा मिहिर ओरडला. नवरा सुरेंद्र पाणी आणायला आत धावला. जयमाला मात्र चाकणच्या तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकबद्दलचं आपलं वाक्य पुरं करत होती, आणि सगळे आपल्या पायाकडं का बघताहेत हे तिच्या ध्यानात यायला क्षणभर वेळ लागला. मग तिनं खाली पाहिलं आणि हसली. "काही नाही काकू. तिथं मला फारसं कळतच नाही. मागं एकदा बाइकच्या सायलेन्सरला चिकटला होता पाय. वास आला तेव्हा कळलं."

जयमालाशी लग्न करायचंय म्हणताना मिहिरनं आधीच सांगून ठेवलं होतं. ताथवड्याला इंजिनिअरिंगला दोघं एका वर्गात होती, आता ती चाकणला गिअरचे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होती, आणि "तिचा एक पाय जरा अधू आहे आई, लहानपणी पोलिओ झाला होता, तू काही बोलू नकोस म्हणजे झालं." चारुलता त्यावर दुखावली होती. ती नर्स होती, गेली अठरा वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवत होती, ती कशाला काय बोलेल? लिफ्टमधून बाहेर येताना तिनं त्या मुलीची चाल पाहिली, गुडघा जरा जास्त उचलला जातो, पावलाची पुढची बाजू आधी टेकते, आणि मनातल्या मनात ती पोलिओच्या कप्प्यात टाकून तिनं दार उघडलं होतं. पण पोलिओ पायाची ताकद नेतो, जाणीव नेत नाही. हे वाक्य ती पहिल्या वर्षाच्या मुलींना दर वर्षी लिहून घ्यायला लावायची. ताकद आणि जाणीव दोन्ही एकदम जातात, ती नसच दुखावली असेल तर. कापली, दबली किंवा टोचली गेली तर.

"गाव कुठलं म्हणालीस?" तिनं विचारलं. आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिला नवल वाटलं.

"वाकी. चाकणच्या पुढं, राजगुरुनगरच्या रस्त्याला."

"आणि आईचं नाव?"

"शालन," जयमाला म्हणाली.

मिहिर हसून म्हणाला, "आई, बायोडेटा पाठवला होता की तुला. वाचला नाहीस ना?" चारुलतानं तो खरंच वाचला नव्हता. ती फडकं आणायच्या निमित्तानं आत गेली आणि ओट्यापाशी उभी राहिली. बाहेर सुरेंद्र त्या मुलीला पाय गार पाण्यात ठेवायला सांगत होता आणि ती "अहो काका, खरंच काही नाही" म्हणत होती. ओट्यावरच्या कुकरकडं बघत चारुलताच्या डोळ्यांपुढं एक पिवळा केसपेपर आला. निळ्या शाईत, तिच्याच अक्षरात. नाव जया. वय दोन. आई शालन. मु. वाकी.

चाकण तेव्हा चाकण नव्हतं. कंपन्या यायला नुकती सुरुवात झाली होती, आणि कांद्याच्या मार्केटच्या रस्त्यावर एका डॉक्टरांचा पाच खाटांचा दवाखाना होता. चारुलता सत्तावीस वर्षांची होती. चिंचवडहून भोसरी, भोसरीहून एसटीनं चाकण, आणि संध्याकाळी साडेपाचची एसटी गाठायची, कारण ती चुकली तर पुढची पाऊण तासानं, आणि शेजारच्या काकूंकडं ठेवलेला तीन वर्षांचा मिहिर सहा वाजल्यापासून खिडकीचे गज धरून रडायला लागायचा. त्या दिवशी ती बाई पाच वाजून गेल्यावर आली. वीस-एकवीसची असेल, डोक्यावर पदर, हातात हिरव्या बांगड्या. पोरीला तीन दिवस ताप होता. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं आणि ते आतल्या पेशंटकडं गेले. बाईनं पोरीला मांडीवर पालथं घातलं. पोर तापानं इतकी मलूल झाली होती की रडतही नव्हती. "पाय घट्ट धरा हं," चारुलता म्हणाली. "धरल्यात," बाई म्हणाली. आणि धरले होते. दोन्ही हातांनी, इतके घट्ट की तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. ही पेरं चारुलतानं त्या वेळी पाहिली होती. पुढं तिनं जे काही केलं ते ही पेरं पाहिलेली असताना केलं.

तिनं घड्याळाकडं पाहिलं. पाच वीस. स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सुई टोचली. वर नाही, बाहेरच्या बाजूला नाही; मधोमध. पोर किंचाळली, आणि ती किंचाळी टोचल्याची नव्हती. कुल्ला हलला नाही, पायाची बोटं ताठ झाली, करंट लागल्यासारखी. शिकलेल्या माणसाला त्याचा अर्थ कळतो. सुई तिथंच काढायची आणि दुसरीकडं द्यायचं, दोन मिनिटांचं काम. चारुलतानं सुई काढली नाही. दट्ट्या दाबला आणि सगळं औषध आत सोडलं, कारण दोन मिनिटं नव्हती. तिला एसटी मिळाली, खिडकीजवळची जागासुद्धा मिळाली. मिहिर त्या दिवशी रडत नव्हता, काकूंनी त्याला शिरा दिला होता.

मुलींना शिकवताना ती प्लास्टिकच्या पुतळ्यावर खडूनं एक उभी आणि एक आडवी रेघ काढायची. चार भाग. वरचा, बाहेरचा, तोच आपला. बाकीच्या तिन्हींत हात घालायचा नाही. मुली मागं तिला चौकोन मॅडम म्हणायच्या, हे तिला ठाऊक होतं. सायाटिक नर्व्ह, ती सांगायची, शरीरातली सगळ्यात जाड नस, मोठ्या माणसात अंगठ्याएवढी. कमरेतून निघते, कुल्ल्याच्या आतल्या अंगानं खाली उतरते, मांडीच्या मागून जाते, गुडघ्याच्या वर तिला दोन फाटे फुटतात. बाहेरचा फाटा गुडघ्याखालच्या बारीक हाडाला वळसा घालून पुढं येतो आणि पाऊल वर उचलतो. इंजेक्शन चुकलं की बहुधा तोच मरतो. मग पाऊल लोंबतं. "आणि लहान मुलांना मांडीत. कुल्ल्यात नाही. कधीच नाही. लिहा, कधीच नाही, आणि खाली रेघ मारा." दोन वर्षांच्या मुलीत ती नस अंगठ्याएवढी नसते, बुटाच्या नाडीएवढी असते, हे मात्र ती कधी वर्गात सांगत नसे. ते वाक्य तिच्या तोंडून निघत नसे.

दोन दिवसांनी ती बाई परत आली होती. ताप उतरला होता, पोर हसत होती, पण उभी केली की उजवं पाऊल खाली लोंबत होतं. डॉक्टरांनी ते बोटानं वर केलं, सोडलं, ते पडलं. त्यांनी मान वर करून चारुलताकडं पाहिलं आणि त्या बाईच्या समोरच विचारलं, "सिस्टर, इंजेक्शन कुठं दिलंत?" खोलीत पंखा फिरत होता. चारुलता म्हणाली, "बरोबर जागीच, सर. पण बाळ हललं. मी सांगितलं होतं पाय घट्ट धरा म्हणून. यांनी धरले नाहीत." किती सहज निघालं ते. तयारी करून ठेवल्यासारखं. आणि तिनं तयारी केलीच होती, दोन दिवस. बाईनं तोंड उघडलं, मिटलं, आणि आपल्या हातांकडं पाहिलं. डॉक्टरांना काय कळायचं ते कळलं असावं. पण दवाखाना त्यांचा होता, बाहेर माणसं बसली होती. ते म्हणाले, "तापात असं होतं कधीकधी. पोलिओच्या जातीचंच आहे. तेलानं चोळत जा." अशी दोन कारणं घेऊन ती बाई घरी गेली. एक जगाला सांगायचं आणि एक स्वतःचं.

महिन्याभरानं चारुलतानं नोकरी सोडली. आणि त्यानंतर दोन महिन्यांनी, हे तिनं सुरेंद्रलाही कधी सांगितलं नव्हतं, ती एकदा वाकीला गेली. एसटीतून उतरली, रस्ता ओलांडला. एका घराच्या ओट्यावर तीच बाई पाय पसरून बसली होती, पोरीचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळत होती, खालून वर, खालून वर, तोंडानं काहीतरी पुटपुटत. तिसरा महिना होता. पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं असतं, नसेची तपासणी झाली असती, पावलाला पट्टा बसला असता, कदाचित ऑपरेशन. अजून वेळ होता. चारुलता चिंचेच्या झाडाखाली वीस मिनिटं उभी राहिली आणि आलेल्या एसटीनं परत गेली. सुई चुकली तो एक क्षण होता, असं ती स्वतःला समजावू शकत असे. थकवा, घड्याळ, लहान पोर. त्या वीस मिनिटांचं तिला कधीच काही करता आलं नाही. डॉक्टर पुढं वारले. आता ते फक्त तिलाच माहीत होतं.

जयमाला जेवून गेली त्या दिवसापासून घरात सगळे चारुलताच्या बोलण्याची वाट बघत होते आणि ती बोलत नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी मिहिर डबा घ्यायला आला आणि तिथंच थांबला.

"आई, तुला ती आवडली नाही का?"

"तसं नाही."

"मग कसं? त्यांची जात वेगळी म्हणून?"

"शी! मी कधी असलं काही—"

"मग पाय." तो डब्याच्या झाकणाकडं बघत म्हणाला. "तुला तिचा पाय खटकला. तू सारखी बघत होतीस. तिच्याही लक्षात आलं."

चारुलतानं नाही म्हणायला हवं होतं; तोंडापर्यंत आलंही. पण त्याच वेळी तिला आत कुठंतरी सैल पडल्यासारखं वाटलं. पायाचं कारण सोयीचं होतं. कोत्या मनाची सासू म्हणून मुलाच्या नजरेतून उतरणं तिला परवडणारं होतं. दुसरं परवडणारं नव्हतं. "लग्न म्हणजे जन्माचं असतं मिहिर," ती म्हणाली, "सगळा विचार करावा लागतो." ही बाई कोण हे कळत नसल्यासारखं मिहिरनं तिच्याकडं पाहिलं. डबा तिथंच राहिला.

मग तीन आठवडे ती त्या कारणाच्या आड राहिली. सुरेंद्रनं आपल्या मवाळ रीतीनं समजावून पाहिलं. "चारू, माणसाला सवय होते गं. आणि मुलगी किती मोकळी आहे बघ. तू तर नर्स. तुला कसला आलाय पाय?" तिनं कूस बदलल्यासारखा विषय बदलला. लोक आपल्याला जसं समजताहेत त्याहून आपण वाईट आहोत, हे माहीत असूनही त्यांच्या समजुतीबद्दल तिला मधूनमधून रागसुद्धा यायचा, आणि आपल्याला राग येतो याची लाज वाटायची. बसमध्ये, बाजारात, पिंपरी कॅम्पातल्या गर्दीत ती माणसांच्या पावलांकडं बघत चालायची. टाच आधी टेकते, मग चवडा. लाखो लोक विचार न करता पाऊल उचलत होते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, बारीक हाडाच्या मानेवर, कातडीच्या लगेच खाली ती नस बोटाला लागते. ती वर्गात स्वतःच्या पायावर दाखवायची. आता एकटी असली की तिचं बोट आपोआप तिथं जायचं, आणि दाबलं की झिणझिण्या थेट अंगठ्यापर्यंत उतरायच्या.

एका गुरुवारी दुपारी जयमाला कॉलेजवर आली. चाकणच्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी. शिपायानं येऊन सांगितलं तेव्हा चारुलता प्रॅक्टिकलच्या खोलीत होती, पुतळ्यावरचा खडू पुसत. जयमाला दारातच उभी राहिली.

"काकू, पाच मिनिटं बोलू? मिहिरला सांगितलेलं नाही मी येतेय म्हणून."

"बस ना."

"उभीच बरी." ती शांतपणे बोलत होती, कंपनीत एखाद्या भागातला दोष दाखवावा तशी. "तुम्हाला माझ्या पायाचं काही वाटत असेल तर थेट विचारा. मला सवय आहे. दोन स्थळं त्यावरूनच गेली. मला राग येत नाही. फक्त लोक विचारत नाहीत आणि मनात धरून बसतात, त्याचा कंटाळा येतो."

"तुझ्या पायाचं काही नाही गं," चारुलता म्हणाली, आणि ते तिचं तिलाच एकदम खोटंही वाटलं आणि खरंही.

"मला चालता येतं, गाडी चालवता येते, शॉप फ्लोअरवर आठ तास उभी असते. मुलांना होणार नाही, तेही डॉक्टरांना विचारलंय. उलट कंपनीच्या मेडिकलला परवा एक डॉक्टर म्हणाले, हे पोलिओसारखं वाटत नाही. म्हणाले, लहानपणी इंजेक्शन वगैरे? मी घरी आईला विचारलं..." ती थांबली. "विचारायला नको होतं."

"का?"

"आई दोन दिवस जेवली नाही." जयमाला पहिल्यांदाच तिच्यावरची नजर काढून पुतळ्याकडं बघत होती. "इंजेक्शन देताना तिनं मला नीट धरलं नव्हतं, मी हलले, म्हणून झालं. त्या वेळच्या नर्सनं तोंडावर सांगितलं होतं तिला. मला हे सत्तावीस वर्षांत कधी कळलं नव्हतं काकू. आजी तिला 'हातातलं पोर सांभाळता आलं न्हाई' म्हणायची, मला वाटायचं म्हातारी उगाच बोलते. माझ्या धाकट्या भावाला, ओंकारला, आईनं एकही डोस स्वतः नेऊन दिला नाही. चुलती न्यायची. आई कुणाचंच तान्हं पोर हातात घेत नाही. आम्हाला वाटायचं तिला आवडत नाहीत."

चारुलताला ते वाक्य ओळखू आलं. वाक्य तिचं होतं. एका संध्याकाळी पंख्याखाली उच्चारलेलं आणि मग विसरायचा प्रयत्न केलेलं. ते तिकडं एका घरात पंचवीस वर्षं रोज वापरलं गेलं होतं. तिला वाटत होतं आपण एका मुलीचा पाय नेला. ती फक्त पायच मोजत आली होती.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. समोर मुलगी होती, मध्ये प्लास्टिकचा पुतळा, कोणी तिसरं नव्हतं. "तुझी आई घरी असते का?" तिनं एवढंच विचारलं. "सोमवारी येते म्हणावं."

सोमवारी भोसरीहून राजगुरुनगरची बस पकडून ती वाकीला उतरली तेव्हा अकरा वाजले होते. चिंचेचं झाड नव्हतं. रस्ता रुंद झाला होता, दोन्ही अंगांना पत्र्याची गोदामं, कंटेनर उभे. जयमालाच्या वडिलांचा, सोपानरावांचा, नवा बंगला होता, पुढं तुळस आणि बाजूला गोठा ठेवलेला. शालनबाई दारातच उभ्या होत्या. चेहरा चारुलताला ओळखू आला नसता. केस पिकलेले, अंगानं भरलेल्या. सोपानरावांनी "या, या ताई" म्हणत खुर्ची पुढं केली आणि चहाचं सांगायला ते आत वळले. शालनबाईंनी तेवढ्यात शेजारी टेकत घाईघाईनं, हलक्या आवाजात सुरुवात केली.

"तुमी कशापायी आलाय मला ठाव हाय. नगं म्हनायला आलाय. पर माझं आइका. दोष पोरीचा न्हाई. तिच्यात काय बी खोट न्हाई. ते माझ्यामुळं झालंय, माझ्या हातनं. तिला नगा टाकू."

"शालनबाई," चारुलता म्हणाली, "तुम्ही मला ओळखलं नाहीत."

"न्हाई बा."

"चाकणच्या दवाखान्यात, मार्केटच्या रस्त्यावर. इंजेक्शन दिलं ती नर्स मी."

शालनबाई तिच्याकडं बघत राहिल्या. चारुलतानं येताना बसमध्ये वाक्यं जुळवली होती. ती सगळी गेली. उरलं ते तिनं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. की सुई चुकीच्या जागी दिली. की तिला घरी जायची घाई होती. की पोर किंचाळली तेव्हाच तिला कळलं होतं. की पोलिओ नव्हता. की वेळेत सांगितलं असतं तर उपाय होते. सोपानराव दारात येऊन उभे राहिले होते, हातात पाण्याचा तांब्या.

शालनबाईंनी फक्त एक गोष्ट विचारली. "पोर हलली न्हवती?"

"नाही. तुम्ही घट्ट धरलं होतं. मी पाहिलं होतं तुमच्या हातांकडं. पांढरे पडले होते."

गोठ्यात गाय शेपटी मारत होती. मग शालनबाई बोलल्या तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"सुई चुकली. मान्सं चुकत्यात. आमच्याबी हातनं कायकाय व्हतं. त्येचं मला काय बी न्हाई. पर ते माझ्यावर का घातलं? मी तुमचं काय केलं व्हतं?"

"मी घाबरले," चारुलता म्हणाली.

"आन मी? मी न्हाई घाबरले?" शालनबाई उठल्या. "माझ्या पोटच्या लेकाला मी अंगावर पाजलं तर खाटंवर निजवून पाजलं, हातात घेऊन न्हाई. हातातनं काय हुईल म्हनून." त्या नवऱ्याकडं वळल्या. "आइकलं का? आता परत सांगा म्हनावं ताईंना. जोरात. तुमी बी नीट आइका."

चारुलता उभी राहिली आणि तिनं परत सांगितलं. सोपानराव खाली बघत होते. एक धिप्पाड माणूस तांब्या कुठं ठेवावा हे न कळल्यासारखा उभा होता. "आई आता न्हाई," ते शेवटी म्हणाले, "न्हाईतर..." आईनं टोमणे मारले तेव्हा ते गप्प बसले होते, आणि कधीकधी रागात त्यांनी स्वतःही तेच म्हटलं होतं, हे त्या खोलीत तिघांनाही कळलं. ते गोठ्याकडं निघून गेले आणि चहा येईपर्यंत परत आले नाहीत. चहा कोणी प्यायलं नाही.

"जयाला तुमीच सांगायचं," निघताना शालनबाई म्हणाल्या. "मी न्हाई सांगनार. माझ्याच्यानं कमी सांगितलं जाईल."

त्याच दुपारी चारुलता कंपनीच्या गेटवर गेली. शिफ्ट सुटेपर्यंत रस्त्याकडेला उभी राहिली, आणि जयमाला बाहेर आल्यावर तिला चहाच्या टपरीमागच्या बाकावर बसवून सगळं सांगितलं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या वीस मिनिटांसकट. जयमालानं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी तिनं विचारलं, "त्या वेळी नेलं असतं तर पाय बरा झाला असता?"

"पूर्ण नाही. पण पुष्कळ. कदाचित."

"कदाचित," जयमाला म्हणाली. ती हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "मिहिरला माहितेय?"

"आज सांगते."

"सांगा. आणि त्याला म्हणावं मला फोन करू नकोस. मी करेन तेव्हा करेन." ती उठली. "मला तुमच्यावर ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला आत्ता फक्त घरी जायचंय. आई एकटी असेल." आणि गाडी सुरू करून ती गेली. चारुलता बाकावर बसून राहिली. सुटलेल्या शिफ्टची माणसं तिच्या बाजूनं जात होती, कोणी तिच्याकडं बघत नव्हतं, आणि तरी तिला पदर ओढून तोंड झाकावंसं वाटत होतं.

मिहिरनं ऐकलं, आणि सुरेंद्रनंही. सुरेंद्र इतकंच म्हणाला, "मला तरी सांगायचंस गं," आणि त्यात राग नव्हता म्हणून ते जास्त लागलं. दोन महिने मिहिर आईशी कामापुरतं बोलला. "आणि तू पाय खटकला असं मला समजू दिलंस," हे एकच वाक्य त्यानं एकदा, चपला घालता घालता, म्हटलं. जयमालानं त्याला पाचव्या आठवड्यात फोन केला. त्यांचं काय बोलणं झालं ते चारुलताला कळलं नाही, तिनं विचारलं नाही. पुण्याच्या एका नसांच्या डॉक्टरांकडं ती दोघं जाऊन आली. एवढ्या वर्षांनी नसेचं काही होणार नाही, पण दुसरा स्नायू वळवून जोडला तर पाऊल थोडं उचलेल, असं ते म्हणाले. जयमाला म्हणाली बघू, घाई नाही.

वैशाखात राजगुरुनगरच्या कार्यालयात लग्न झालं. चारुलताला वाटलं होतं तिला मागच्या रांगेत बसू देतील, पण शालनबाई अक्षता पडल्यावर सरळ तिच्याकडं आल्या, हाताला धरून तिला उठवलं आणि बायकांच्या घोळक्यात घेऊन गेल्या. नव्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या, जावा, नणंदा. "या जयाच्या सासूबाई," शालनबाई म्हणाल्या. सगळ्यांनी हात जोडले. "आन जयाला चाकनला सुई दिली ती यांनीच. चुकीच्या जागी. ते पोलिओ-बिलिओ काय न्हवतं."

जाडजूड नथ घातलेल्या एका थोरल्या बाईनं चारुलताकडं वळून विचारलं, "व्हय ओ? खरं का ह्ये?"

चारुलताचा चेहरा, मान, कानांच्या पाळ्या तापल्या. शालनबाईंच्या हातात तिचा हात होता. तो सुटला नव्हता आणि दाबलाही जात नव्हता. नुसता धरलेला होता. त्यांच्या चेहऱ्यावर सूड नव्हता. हिशेबही नव्हता. पंचवीस वर्षं जे या बायकांनी ऐकलं होतं, ते त्यांना नीट करून ऐकवायचं होतं, एवढंच.

"हो," ती म्हणाली. "खरंय. शालनबाईंची काही चूक नव्हती. माझी होती."

थोरल्या बाईनं एकदा शालनबाईंकडं पाहिलं, मग जमिनीकडं. कोणीतरी पदरानं डोळे पुसले. कुणी काही बोलायच्या आत शालनबाईंनी चारुलताला पुढं वळवलं.

"चला," त्या म्हणाल्या, "माझ्या माहेरची मंडळी ऱ्हायलीत अजून."